‘पूर्ण संपवूनच चार्ज करा’ हा सल्ला प्रत्येक बॅटरीसाठी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील उपकरणांच्या देखभालीच्या सदरात अलीकडे ‘रिचार्जेबल बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय चार्जिंगला लावू नये, म्हणजे ती जास्त वर्षे टिकते’ असा सल्ला छापून आला आहे. सल्ल्यामागचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, आणि एके काळी एका विशिष्ट प्रकारच्या बॅटरीसाठी तो काही अंशी योग्यही होता. परंतु आज आपण ज्या बॅटऱ्या वापरतो त्यांतील बहुतेकींना तो मानवत नाही, आणि काहींचे तर त्याने कायमचे नुकसान होते. बॅटऱ्यांची तपासणी आणि दुरुस्ती हे माझे रोजचे काम असल्याने अशा समजुतींपायी अकाली निकामी झालेल्या बॅटऱ्या सतत हातात येतात. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

या सल्ल्याचे मूळ निकेल-कॅडमियम बॅटरीत आहे. स्वीडनमधील वाल्डेमार युंगनर यांनी 1899 साली तयार केलेली ही बॅटरी विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत कॉर्डलेस फोन, व्हिडिओ कॅमेरे, दाढीची यंत्रे आणि ड्रिल मशीन यांत सर्रास असे. दर वेळी ठरावीक पातळीपर्यंतच वापरून ती पुन्हा भरत राहिले, तर पुढे त्या पातळीच्या आसपास तिचे व्होल्टेज एकदम खाली येई आणि बॅटरी संपली असे उपकरणाला वाटे. यालाच ‘मेमरी इफेक्ट’ म्हणत. अर्थात, लोक ज्याला मेमरी म्हणत त्यातले बरेचसे प्रत्यक्षात दिवसेंदिवस चार्जरवर राहून झालेल्या अतिचार्जिंगचे परिणाम असत. उपाय दोन्हींवर एकच होता, अधूनमधून बॅटरी, ती ज्या लहान सेलची बनलेली असते त्यांतल्या प्रत्येक सेलमागे एक व्होल्टपर्यंत उतरवून मग पूर्ण भरणे. इथे ‘अधूनमधून’ आणि ‘एक व्होल्टपर्यंत’ हे दोन्ही तपशील महत्त्वाचे होते, आणि सल्ला तोंडोतोंडी फिरताना नेमके तेच गळून पडले. शून्यापर्यंत उतरवलेल्या पॅकमध्ये सर्वांत अशक्त सेल आधी रिकामा होतो, बाकीचे सेल त्याच्यातून उलट्या दिशेने प्रवाह ढकलत राहतात आणि त्याची ध्रुवता उलटते, म्हणजे धन-ऋण टोकांची अदलाबदल होते. असा सेल पुन्हा क्वचितच धड होतो.

निकेल-कॅडमियमचे गुणही सांगायला हवेत, कारण तिच्याइतकी सोशिक बॅटरी नंतर झाली नाही. थंडी, जोरात उपसा, थोडेफार अतिचार्जिंग, रिकाम्या अवस्थेत पडून राहणे, हे सारे ती सहन करते आणि नीट सांभाळल्यास हजारभर चक्रे, म्हणजे भरण्या-उतरण्याचे फेरे, देते. पण कॅडमियम हा विषारी जड धातू आहे, आणि त्यामुळेच रोजच्या वापरातून ती मागे पडली.

मग बॅटरीचा प्रकार बदलला तरी सल्ला का टिकून राहिला? मला त्याचे एक कारण स्पष्ट दिसते. मोबाइल किंवा लॅपटॉपवर दिसणारी टक्केवारी ही मोजलेली नसून हिशेबाने काढलेली असते. आतला चिप आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रवाह मोजत राहतो आणि हा हिशेब काही महिन्यांत थोडा चुकत जातो. बॅटरी एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरली की हिशेब पुन्हा जुळतो, 20 टक्क्यांवर अचानक बंद पडणारे यंत्र नीट चालू लागते, आणि वापरणाऱ्याला बॅटरीच सुधारली असे वाटते. सुधारलेला असतो तो आकडा. सेलच्या क्षमतेत काडीचाही फरक पडलेला नसतो.

‘संपवूनच चार्ज करा’ हा सल्ला ज्या बॅटरीला सर्वाधिक महागात पडतो ती म्हणजे शिसे-आम्ल किंवा लेड-ॲसिड बॅटरी. फ्रान्सचे गास्तों प्लान्ते यांनी 1859 साली ती घडवली, आणि आजही गाड्या, इन्व्हर्टर व यूपीएस यांचा मोठा भार तीच वाहते. वजनाच्या मानाने ती ऊर्जा कमी साठवते, दर किलोमागे साधारण 30 ते 40 वॉट-तास. ती वापरली जाते तेव्हा धन आणि ऋण अशा दोन्ही प्लेटींवर लेड सल्फेट तयार होते. लगेच चार्ज केल्यास हे बारीक सल्फेट पुन्हा मूळ द्रव्यात रूपांतरित होते; पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत दिवसचे दिवस पडून राहिली, तर त्याचे स्फटिक मोठे आणि कठीण होत जातात, प्लेटींची छिद्रे बुजतात आणि तेवढा भाग कायमचा कामातून जातो. म्हणजे या बॅटरीला पूर्ण उतरवणे सोसत नाही, आणि उतरवून ठेवणे तर मुळीच सोसत नाही. दर वेळी तळापर्यंत वापरली तर दोन-तीनशे चक्रांत थकणारी बॅटरी एक चतुर्थांशच उतरवून पुन्हा भरत राहिल्यास त्याच्या कितीतरी पट चक्रे देते.

तिच्या म्हातारपणाची इतरही कारणे आहेत. धन प्लेटीची जाळी हळूहळू गंजते. उन्हाळ्यात किंवा चार्जरचे व्होल्टेज जास्त असल्यास पाणी उडते आणि प्लेटींचे वरचे टोक उघडे पडते. सतत अर्धवट चार्ज होणाऱ्या बॅटरीत दाट आम्ल तळाशी बसते आणि वर पातळ आम्ल राहते. या सगळ्यांना उष्णता वेग देते. तापमान आठ ते दहा अंश सेल्सिअसने वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, हा या क्षेत्रातला जुना आणि भरवशाचा ठोकताळा आहे. प्लेटींची जाडी हाही कळीचा मुद्दा आहे. गाडीचे इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीच्या प्लेटी पातळ असतात, कारण तिला काही सेकंद प्रचंड प्रवाह द्यायचा असतो. तीच बॅटरी तासन्‌तास चालणाऱ्या इन्व्हर्टरला जोडली तर ती लवकर बसते, आणि त्यात उत्पादकाचा काही दोष नसतो. इन्व्हर्टरसाठी जाड प्लेटींची किंवा ट्युब्युलर (नळीच्या आकाराच्या प्लेटींची) बॅटरीच लागते.

या बॅटरीची तपासणी कशी फसवी असू शकते याचे एक नेहमीचे उदाहरण देतो. चार्ज करून काही तास विसावलेल्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर मल्टिमीटर 12.4 पेक्षा थोडे अधिक व्होल्टेज दाखवतो, म्हणून मालकाला ती ठणठणीत वाटते. पण भार टाकताच दहा मिनिटांत ती मान टाकते. अशा बॅटरीची सहाही झाकणे उघडून प्रत्येक सेलमधले आम्ल हायड्रोमीटरमध्ये, म्हणजे आम्लाचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता) दाखवणाऱ्या नळीत, ओढून पाहावे. पाच सेलमध्ये तरंगणी 1.250 च्या खुणेपाशी उभी राहते आणि सहाव्यात ती 1.150 पर्यंत बुडते. विशिष्ट गुरुत्वात 0.84 मिळवले की सेलचे व्होल्टेज साधारण मिळते. म्हणजे पाच सेलचे प्रत्येकी 2.09 आणि सहाव्याचे 1.99, एकूण 12.44 व्होल्ट. एक अख्खा सेल जवळजवळ रिकामा असूनही बेरजेत फरक पडतो तो फक्त एक दशांश व्होल्टचा. नुसत्या व्होल्टेजवरून बॅटरीचे वय ठरवू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो ते यामुळेच.

क्षमतेचा आकडा वाचतानाही सावध राहावे लागते. 100 अँपिअर-तास ही क्षमता सहसा 20 तासांच्या दराने मोजलेली असते, म्हणजे 5 अँपिअरने ती 20 तास चालेल. त्यावरून 50 अँपिअरने ती 2 तास चालेल असा हिशेब लोक करतात. प्रत्यक्षात शिसे-आम्ल बॅटरी अशा भारावर सव्वा तासाच्या आसपास थांबते. बॅकअप कमी मिळतो या बऱ्याच तक्रारींचे उत्तर इथे आहे. लिथियम बॅटरीत ही घट फार कमी असते.

कॅमेऱ्याचे फ्लॅश, खेळणी, बिनतारी कीबोर्ड यांत घालायचे जे रिचार्जेबल पेन्सिल सेल मिळतात, ते बहुतांशी निकेल-मेटल हायड्राइडचे असतात. त्यांचे व्होल्टेज 1.2 असते. साध्या सेलचे 1.5 असते म्हणून हे कमजोर, असा समज चुकीचा आहे. साधा सेल वापरात भराभर उतरत जातो, तर हा शेवटपर्यंत 1.2 च्या आसपास टिकून राहतो. पूर्वी या सेलचा मोठा दोष असा होता की नुसते पडून राहिले तरी महिनाभरात त्यांतला 20 ते 30 टक्के चार्ज निघून जाई. सान्यो कंपनीने 2005 साली एनेलूप हे सेल आणले आणि हा दोष बराचसा दूर झाला. या धर्तीचे चांगले सेल वर्षभर पडून राहिल्यावरही निम्म्याहून बराच जास्त चार्ज राखतात. मात्र त्याच आकारात अधिक क्षमता कोंबलेले 2500 मिलिअँपिअर-तासांचे सेल 2000 च्या सेलपेक्षा सहसा कमी चक्रे टिकतात, म्हणून मोठा आकडा पाहून ते घेऊ नयेत. या सेलचा खरा शत्रू आहे स्वस्तातला चार्जर. सेल भरला की त्याचे व्होल्टेज किंचित खाली येते आणि तापमान झपाट्याने चढते. चांगला चार्जर प्रत्येक सेलवर स्वतंत्रपणे हा बदल हेरून थांबतो, तर साधा चार्जर घड्याळ संपेपर्यंत प्रवाह ढकलत राहतो. चार्जरमधून काढलेले सेल हाताला चटका देत असतील तर दोष सेलकडे शोधू नये. नवे आणि जुने सेल एकाच उपकरणात एकत्र घालू नयेत, कारण ध्रुवता उलटण्याचा जो प्रकार वर सांगितला तो इथेही तसाच घडतो.

आता लिथियम-आयनकडे येतो, कारण मोबाइलपासून मोटारीपर्यंत सर्वत्र तीच आहे. सोनी कंपनीने 1991 साली ती बाजारात आणली, आणि तिच्या घडणीसाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना 2019 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दर किलोमागे 150 ते 250 वॉट-तास ऊर्जा साठवणाऱ्या या बॅटरीला मेमरी इफेक्टची काळजी करण्याचे कारण नाही. ती म्हातारी होते ती वेगळ्याच वाटेने. पहिल्याच चार्जिंगच्या वेळी तिच्या ग्रॅफाइटच्या ऋणाग्रावर, म्हणजे ऋण बाजूच्या पट्टीवर, एक पातळ थर बसतो आणि त्यात थोडे लिथियम कायमचे अडकते. हा थर जखमेवरच्या खपलीसारखा आहे: तो आहे म्हणून आतले ग्रॅफाइट सुरक्षित राहते, पण प्रत्येक चार्जिंगला ग्रॅफाइट फुगते, उतरताना आकसते, थराला तडे जातात आणि ते भरून काढताना आणखी लिथियम खर्ची पडते. जे लिथियम थरात अडकले ते प्रवाह वाहण्याच्या कामाचे राहत नाही. थर जाड होत गेला की अंतर्गत रोधही वाढतो, आणि मग भार पडताच व्होल्टेज कोसळून फोन बंद पडतो.

लक्षात घेण्याची गोष्ट ही की ही बॅटरी न वापरताही म्हातारी होते. उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था या दोन गोष्टी एकत्र आल्या की हा वेग फार वाढतो. कोबाल्टच्या धनाग्राचा सेल 25 अंश तापमानात 40 टक्के चार्ज ठेवून वर्षभर नुसता पडून राहिला, तर त्याची क्षमता साधारण 96 टक्के उरते. तोच सेल पूर्ण भरून ठेवला तर 80 टक्क्यांच्या आसपास येतो, आणि पूर्ण भरलेला सेल 40 अंशांत राहिला तर 65 टक्क्यांच्या आसपास. म्हणून बराच काळ वापरायची नसलेली बॅटरी निम्मी भरून थंड जागी ठेवावी. सदैव चार्जरला जोडलेला, आतून तापणारा लॅपटॉप एकही चक्र न होता बॅटरी का गमावतो, याचे उत्तरही याच आकड्यांत आहे. चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची जी सोय आता बऱ्याच फोन व लॅपटॉपमध्ये असते, तिचा लाभ जरूर घ्यावा. सेल 4.2 ऐवजी 4.1 व्होल्टपर्यंतच भरला तर क्षमता जेमतेम दहा टक्क्यांनी कमी मिळते, पण चक्रांची संख्या दुपटीच्या घरात जाऊ शकते.

‘पूर्ण संपवण्या’ने या बॅटरीचे दोन प्रकारे नुकसान होते. एक म्हणजे खोल उतरण्याने प्रत्येक चक्राचा ताण वाढतो. 100 वरून शून्यावर आणण्यापेक्षा 70 वरून 40 वर आणून पुन्हा भरणे तिला कितीतरी सोपे जाते, आणि अशा तुकड्यातुकड्यांच्या चार्जिंगने चक्रे ‘वाया’ जात नाहीत, कारण दोनदा निम्मे निम्मे भरणे मिळून एकच चक्र धरले जाते. दुसरे नुकसान अधिक गंभीर आहे. शून्य टक्के दाखवून बंद पडलेला फोन किंवा पॉवर बँक तसाच महिनोन्‌महिने कपाटात राहिला, तर आतले संरक्षक सर्किट थोडा थोडा प्रवाह खातच राहते आणि सेल 2 व्होल्टच्याही खाली जातो. तेव्हा ऋणाग्राच्या तांब्याच्या पत्र्यातले तांबे विरघळू लागते, आणि पुढे असा सेल जबरदस्तीने चार्ज केला तर तेच तांबे आत भलत्या ठिकाणी साचून शॉर्ट होण्याचा धोका राहतो. मेलेला सेल ‘जागा’ करण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात, त्या करू नयेत असे मी आग्रहाने सांगेन. त्याचप्रमाणे शून्य अंशाखालील तापमानात ही बॅटरी वापरता येते, पण चार्ज करू नये. तसे केल्यास लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचते. फुगलेली बॅटरी तर टोचून, दाबून किंवा चार्ज करून पाहण्याची वस्तूच नाही. ती वापरातून काढून ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावी.

लिथियममध्येही सर्व बॅटऱ्या एकसारख्या नाहीत, आणि इथे ‘80 टक्क्यांवर थांबा’ या नव्या सल्ल्याचीही तीच गत होण्याची मला भीती वाटते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा सेल 3.2 व्होल्टचा असतो. ती वजनाच्या मानाने ऊर्जा कमी साठवते, पण दोन हजारांच्या वर चक्रे देते आणि कोबाल्टच्या सेलपेक्षा बऱ्याच वरच्या तापमानापर्यंत स्थिर राहते. बहुतेक सर्व चार्ज संपेपर्यंत तिचे व्होल्टेज जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे व्होल्टेज पाहून किती चार्ज उरला हे व्यवस्थापन सर्किटला नीट ओळखता येत नाही. ती अधूनमधून 100 टक्के भरली तरच हिशेब जुळतो आणि सेल एकमेकांच्या बरोबरीला येतात, म्हणूनच या बॅटरीवर चालणाऱ्या काही मोटारींचे उत्पादक ती ठरावीक काळाने पूर्ण भरायला सांगतात. म्हणजे एकाच ‘लिथियम’ नावाखालच्या दोन बॅटऱ्यांना दोन वेगळे नियम लागू होतात.

फसव्या लेबलांबद्दल थोडे. 18650 हा दंडगोल सेल, म्हणजे 18 मिलिमीटर व्यासाचा आणि 65 मिलिमीटर लांबीचा, टॉर्चपासून लॅपटॉपपर्यंत वापरला जातो. नामांकित उत्पादकांच्या चांगल्या सेलची क्षमताही 3500 मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते, तरी 9900 छापलेले सेल विकले जातात. तराजूवर ठेवताच ते उघडे पडतात: अस्सल सेलचे वजन 45 ते 50 ग्रॅम भरते, आणि हे बहुधा बरेच हलके असतात.

माझी तक्रार मुख्यतः अशी की बॅटरीवर क्षमता ठळक छापतात, पण ती किती चक्रांनंतर किती टक्के उरेल हे सहसा छापत नाहीत. निम्मे अंतर कापल्यावरच घसरणारी बॅटरी आणि शेवटपर्यंत साथ देणारी बॅटरी नवी असताना हुबेहूब सारखी दिसतात. युरोपीय संघाने 20 जून 2025 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोन आणि टॅब्लेटसाठी असा नियम लागू केला आहे की 800 चक्रांनंतर बॅटरीची क्षमता किमान 80 टक्के उरली पाहिजे. अशी अट इन्व्हर्टर, यूपीएस आणि पॉवर बँक यांच्या बॅटऱ्यांनाही लागू व्हायला हवी, आणि किती खोल उतरवून व कोणत्या तापमानात ती चक्रे मोजली हेही लेबलवर यायला हवे. त्याशिवाय चक्रांचा आकडा निरर्थक आहे.

आपल्या सदराच्या संपादकांना माझी विनंती आहे की यापुढे बॅटरीविषयी सल्ला छापताना तो कोणत्या प्रकारच्या बॅटरीसाठी आहे हे पहिल्याच ओळीत नमूद करावे, आणि आधी छापलेल्या सल्ल्याबाबत इन्व्हर्टर व मोबाइलच्या बॅटऱ्या मुद्दाम पूर्ण उतरवू नयेत असा खुलासा त्याच जागी द्यावा.

आपला,
बॅटऱ्यांच्या तपासणी-दुरुस्तीचे काम करणारा एक नियमित वाचक